अठ्ठ्याण्णव गॅलन

मार्लिस,

समज, एका घरात दोन मोठी माणसं राहतात. कायद्याने त्यांना वर्षाला दोनशे गॅलन बिअर घरच्यापुरती बनवता येते. एकच मोठं माणूस असेल, तर शंभर. आपल्या वहीत यंदाची अठ्ठ्याण्णव झाली आहे. आजची पाच धरून किती, हे तू माझ्याआधी सांगशील.

म्हणून तर काल जेवताना, चार दिवसांसाठी आलेला लोवेलकाका म्हणाला, "बाबा, आई काही आता दवाखान्यातून घरी येत नाही. एकच माणूस धरा आणि पातेलं पुसून ठेवा." मी म्हटलं, "तू तुझं सॉसेज खा." मग तळघरात जाऊन मी धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुतल्या.

आज बिअर लावायची नाही. माल्ट गोणीतच राहू दे. पिंपाचं झाकण उघडू नकोस, आतलं अजून आंबतंय. ओट्यावर पाव आहे, काकाला उठवून दोघं खा. त्याच्यावर माझा राग नाही, एवढं सांग.

मी सहालाच निघालो, कारण सात वाजता डॉक्टर भेटणार आहेत. आठ आठवडे मी त्यांना आजीच्या गोळ्यांचं विचारलं, पथ्याचं विचारलं, खरं विचारायचं ते राहिलंच. ही वेळ तू मिळवलीस, हे नर्सबाईंनी मला रात्री फोनवर सांगितलं. मी खाली बाटल्या धूत होतो, तेव्हा तू फोन उचललास, दवाखान्याचा नंबर लावलास आणि नर्सबाईंना म्हणालीस, "माझी आजी घरी येणार की नाही? आजोबा विचारायला घाबरतात."

आजोबा