दाजीकाकांवर लिहिलेली हुंडी

कल्याण, शके १८०८, कार्तिक वद्य पंचमी

आज मुनीम दाजीकाका पेढीवरनं हाकलणार असंच वाटलेलं. हुंडी लिहायची परीक्षा होती. नापास झालो तर परत बाबांच्या मिठागरावर, हे आधीच ठरलेलं. आणि मी काय करावं? दाजीकाकांवरच दर्शनी हुंडी लिहिली, म्हणजे दाखवली की ज्याच्यावर लिहिली त्यानं लगेच चुकती करायची: 'पेढे शेर एक, निमे अर्धा शेर, त्याचे दुप्पट पुरा शेर द्यावे.' कुणी आकडा वाढवू नये म्हणून निम्माही लिहायचा, ही रीत. तीही पाळलेली.

काकांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. दोनदा वाचली. चष्मा तिथंच.

"गाढवा, चूक कुठाय हिच्यात?"

"नसावी, काका."

"नसावी काय रे? नाहीच." मग मालकांकडे वळून म्हणाले, "शेटजी, आपल्याकडची बिनचूक हुंडी कधी परत गेली नाही. आता मलाच भुर्दंड."

सुपारीचं खांड कुणाला न देणारा हा माणूस, पण कनवटीचे पैसे काढून खरंच पेढे आणवले. मला म्हणाले, "उद्यापासून माझ्याशेजारी बसून लिही."

बाबांना निरोप धाडला, मिठागरावर दुसरा माणूस बघा. सोबत दोन पेढे.