‘डिलीट’ या शब्दावर बंदी

३ मार्च, सोमवार
टेस्टरबाईंनी आज माझ्या सर्च बॉक्समध्ये भोक शोधलं. मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर कोणी, कधी, काय केलं याच्या नोंदी आमचं सॉफ्टवेअर ठेवतं आणि शोधून देतं. बाईंचं म्हणणं, शोधायच्या शब्दाला शेपूट जोडून ‘डिलीट’चा हुकूम टाइप केला, तर सॉफ्टवेअर तो शोधत नाही, मुकाट्याने पाळतं. नोंदी साफ! मी म्हटलं, असलं टाइप करायला कोण रिकामटेकडं बसलंय? म्हणाल्या, मी बसलेय ना. बघून सांगतो म्हटलं.
संकल्प : उद्यापासून मुळापासून दुरुस्ती.

४ मार्च
मुळापासून म्हणजे महिनाभराचं काम. त्यापेक्षा ‘डिलीट’ हा शब्दच बंद केला. कोणी टाइप केला की उत्तर : ‘काही सापडलं नाही.’ जेवणाच्या सुट्टीआधी काम फत्ते. डोकं लागतं.
खात्री म्हणून संध्याकाळी, मेहुणा कामाला आहे त्या कस्टमरच्या चालू सिस्टीमवर तो हुकूम टाकून बघितला. ‘सापडलं नाही’सुद्धा आलं नाही. कोरी स्क्रीन. म्हणजे बंदी जरा जास्तच पक्की.

५ मार्च
दुरुस्ती कस्टमरकडे आज गेली. काल पाठवल्यासारखं वाटत होतं. असो.

६ मार्च
मेहुण्याच्या ऑफिसातल्या महिन्याभराच्या नोंदी गायब. परवा संध्याकाळी. कॉम्प्युटर रूममध्ये ड्यूटी त्याची, म्हणून संशय त्याच्यावर. सस्पेंड. कोणी काय शोधलं याचीही वेगळी नोंद राहते (कल्पना माझीच), ती शाबूत आहे. तिथे त्याच्या ऑफिसवाल्यांनी ‘डिलीट’ शोधलं. काही सापडलं नाही.
योगायोग असू शकतो. जगात योगायोग होतात.

८ मार्च
मेहुणा आमच्याकडे राहायला आलाय. नोकरी मीच लावून दिली होती. बायको म्हणाली, सॉफ्टवेअर तुमचंच ना, बघा की जरा. तो म्हणाला, ताई, भावोजींना कशाला त्रास. आणि आमचा गळका नळ दुरुस्त करायला बसला. रात्री जेवण नकोसं झालं. त्याला वाईट वाटू नये म्हणून दोनदा वाढून घेतलं.

१० मार्च
साहेबांना सगळं सांगायचं ठरवून गेलो. साहेब फोनवर होते. दुपारी मोकळे होते, पण तेव्हा मी फोनवर होतो.
घरी मेहुण्याला धीर दिला, खऱ्याला भीती कशाची? त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, भावोजी, तुमच्यामुळेच उभा आहे. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. नळ छान दुरुस्त केलाय. स्वतःची लाज वाटली. खूप वाटली.

१२ मार्च
टेस्टरबाईंना परवाच बंदी सापडली होती. आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, “चोर शोधून देणं हा आपला धंदा, आणि तुम्ही ‘चोर’ म्हणायलाच बंदी घातलीत?” शेजारच्या टीमकडून त्यांनी खरी दुरुस्ती करून घेतली : माणसाने टाइप केलेलं फक्त शोधायचं, हुकूम म्हणून पाळायचं नाही. दोन दिवसांत झाली. घाईचं काम, मी असं कधी करत नाही.
उद्या मेहुण्याच्या ऑफिसात ‘डिलीट’ पुन्हा शोधणार आहेत. त्यालाही बोलावलंय. शर्टाला इस्त्री करतोय, शीळ घालतोय. आत्ताच सांगायला हवं. पण इतक्या दिवसांनी शीळ घालतोय. उद्या सकाळी नक्की.

१३ मार्च
उठलो तर तो निघून गेला होता. उशी-चादर नीट घडी करून ठेवलेली.
अकराला फोन आला. हळू आवाजात म्हणाला, “भावोजी, एकच ओळ सापडली. तुमच्या ऑफिसात तुमच्याच नावाचा दुसरा कोणी आहे का हो?”
मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.
मग तोच म्हणाला, “इथले साहेब विचारतायत. तुम्ही म्हणाल ते सांगतो.”
बायको समोरच उभी होती. तिने खुणेने विचारलं, सुटला का?
मी फोनमध्ये म्हटलं, बघून सांगतो.