पवन्याचा माळ

आत्याबाई, तुमचा माळ वाचला. एवढंच सांगायचं होतं, पण एवढंच सांगून माझं मन भरणार नाही.

मी चकलांब्याकडच्या काळ्या रानातली. आमच्याकडं गवत म्हणजे तण, दिसलं की मुळासकट उपटायचं. लग्न होऊन पाटोद्याकडच्या या डोंगरकडेला आले आणि दिवाळीनंतर तुम्ही मला घरामागच्या उतारावर गवत आणायला पाठवलंत. मी भारा घेऊन येते, तुम्ही भाकरी थापताय, आणि भाऱ्यातून लोंबणाऱ्या मुळ्या बघून तुमचा हात परातीतच थांबतो. मला वाटलं, आता माहेरचा उद्धार होणार. तुम्ही पिठाच्या हातानंच उठलात, मला परत माळावर नेलंत आणि मी उपटलं होतं तिथली माती बोटानं उकरून दाखवलीत. वर जराशी माती, खाली नुसता मुरूम. "हे गवत हाय म्हणून ही माती हाय," तुम्ही म्हणालात. "इळ्यानं काप. बुडका राहू दे." बाकीचं हळूहळू कळत गेलं. हे गवत म्हणजे पवन्या; त्याचं बी गळून गेल्याशिवाय तुम्ही त्याला विळा लावत नव्हतात, आणि चंडोलाचं घरटं दिसलं की भोवतीचं गवत तसंच सोडून पुढं सरकायचात.

तुम्ही गेल्यावर तुमचा लेक आणि मी उसतोडीला जायला लागलो. घरी कुणी नाही, माळ मोकळा. ज्याच्या त्याच्या शेळ्या शिरल्या. काही वर्षांत मुरूम उघडा पडला आणि पावसाचं पाणी उतारावरून थेट विहिरीत उतरायला लागलं, चहासारखं तांबडं. गुडघे दुखायला लागले तेव्हा मी उसाला जाणं सोडलं. त्याच हिवाळ्यात तुमचा नातू म्हणाला, मशीन आणून माळ सपाट करू, मोसंबी लावू. त्याचं तरी काय चुकलं, त्यानं तिथं गवत पाहिलंच नव्हतं. मग एक दिवस बोरीच्या जाळीत अडकलेली शेळी सोडवायला वाकले, तर आत काट्यांच्या आड पवन्याचे ठोंब उभे, तुऱ्यांसकट. शेळ्यांचं तोंड तिथवर पोचलंच नव्हतं. मी तिथंच बसून रडले. संध्याकाळी पोराला म्हणाले, "दोन पावसाळे दे मला. न्हाई उगवलं तर आण तुझं मशीन."

तो हसला नाही. बोराटीचं कुंपण घालायला तोच आला. जाळीतल्या तुऱ्यांचं पदराच्या ओट्यात गोळा केलेलं बी मी मृगाच्या तोंडावर माळभर फेकलं. त्या साली नुसतं तरोट्याचं तण माजलं, माझी झोप उडाली. यंदा मात्र गवत कमरेला लागतंय. विहिरीचं पाणी नितळ आहे, आणि चंडोल माळावर गात वर चढतो, खाली येतो. मशीनवाला विचारायला आला तेव्हा मी आत कांदा चिरत होते. पोरगा त्याला म्हणाला, "राहू द्या आता. आईचं गवत उभं हाय."

हे कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. काल कापणीला गेले होते. दुपारी काम अर्धं टाकून गवतात जराशी आडवी झाले, ती उन्हं कलल्यावरच जाग आली. घरी सांगितलं, गवत लई दाट होतं, म्हणून उशीर झाला.