बांधावरचा दगड

कोल्हार, ९ ऑगस्ट १९७१

ती. आईस, सहादेवचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. जेवण वेळेवर होते. तू दोन घास खातेस ना? धाकटी पुष्पावती तुझ्याजवळ निजते ना?

तू घाटावर नव्हतीस म्हणून लिहितो. दादांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा आपल्या बांधाशेजारचे आप्पासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "खर्ड्याच्या लढाईत ह्यांचा खापरपणजा निजामाकडनं लढला. असल्यांच्या पिंडाला कावळा कशाला शिवंल?" लोक हसले. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. निघताना ते मला म्हणाले, "बांधावरचा त्या खापरपणजाचा दगड पोळ्याआधी उपट, न्हाईतर आमी उपटू."

या माणसाला पुन्हा आपल्या ओसरीवर बसवू नकोस.

दादांनी मला मागेच सांगितले होते, "व्हय, निजामाकडचाच हुता. चाकरी तिकडं हुती. पर आपल्या रानात मेला, त्याला दिवा आपुनच लावायचा." त्यांचा जीव त्या दिव्यातच अडकला असेल.

भांडण नको म्हणून तू दगड काढू देशील, अशी मला भीती वाटते. देऊ नकोस. पोळ्याच्या अमावास्येला दादा दरवर्षी दगडापुढे लावत, तसा तू दिवा लाव. आप्पासाहेब आलेच, तर तो निजामाकडचा होता हे त्यांना तोंडावर सांग, आणि त्यांच्यासमोर दिव्यात तेल घाल.

तुझा,
सहादेव