रविवारी ढकलायची गाडी

प्रिय ताई,

तुझी गाडी अजून आपल्या गल्लीतच उभी आहे, हे तुला बाबांनी फोनवर सांगितलेच असेल; किती प्रेमाने उभी आहे, हे मात्र मीच सांगू शकते. बोनेटवर एक पान पडले तरी बाबा चप्पल न घालता खाली उतरतात. काचा पुसायला त्यांनी आपला जुना मऊ सदरा राखून ठेवला आहे आणि तो चुकून धुण्यात गेला की घरभर शोधाशोध होते. परवा आई म्हणाली, गाडीच्या काचा एवढ्या पुसता, कधी माझ्या चष्म्याचीही दया येऊ द्या. बाबा हसले आणि पुन्हा खाली गेले.

इथला नवा नियम तुला ठाऊक नसेल. जागेवरून न हललेली गाडी नगरपालिका बेवारस ठरवते आणि उचलून नेते. एक निरीक्षक येतो, चाकावर आणि खालच्या रस्त्यावर मिळून खडूची रेघ ओढतो. पुढच्या फेरीला ती रेघ तशीच जुळलेली दिसली की गाडी गेली. तुझ्या गाडीचे इंजिन तर केव्हाच मुके झाले आहे. म्हणून दर रविवारी सकाळी बाबा स्टिअरिंगवर बसतात आणि मी ढकलते. एका रविवारी शिंपीकाकांच्या दारापासून दिव्याच्या खांबापर्यंत, पुढच्या रविवारी खांबापासून परत दारापर्यंत. खिडकीतून बाबांचा आवाज येतो, जरा जोर लाव, पुस्तके धरून हात मऊ झालेत तुझे. मग तुझ्या गोष्टी सुरू होतात. तू पहिल्याच दिवशी चढावर गाडी कशी थांबवलीस, भर बाजारातून एकही ओरखडा न येता कशी काढलीस. मला धाप लागलेली असते, त्यामुळे उत्तर द्यावे लागत नाही, एवढीच काय ती सोय.

तू रागावणार नाहीस असे धरून लिहिते: मला तुझा हेवा वाटतो. पूर्वीही वाटायचा, पण तेव्हा तू समोर होतीस, भांडता तरी यायचे. आता पत्र्याशी काय भांडणार? परीक्षेत मी पहिली आले त्या दिवशी बाबांनी निकाल पुन्हा पुन्हा वाचला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, वा म्हणाले, आणि चाकात हवा कमी वाटते म्हणून पंप घेऊन खाली गेले. मी गॅलरीतून पाहत राहिले. मलाही चालवायला शिकवा, असे मी एकदा म्हणाले होते. तू कशाला गं, तू आपली अभ्यासातली, असे त्यांनी इतक्या लाडाने म्हटले की पुढे बोलताच येईना. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा सगळीकडे टॅक्सीनेच फिरलीस. तरी ताई आली की तिला लागेल, हे त्यांचे पालुपद काही सुटले नाही.

गेल्या रविवारी मागचे चाक पार बसले. माझ्या एकटीच्या जोराने गाडी तसूभरही हलेना. तेव्हा तळमजल्यावरचे दंतवैद्यकाका, ज्यांच्या रुग्णांना तुझ्या गाडीला वळसा घालून दारात यावे लागते, ते बाह्या सरसावून आले. बाबांना म्हणाले, उतरा साहेब, दोघे मिळून ढकलू. अक्कलदाढसुद्धा इतकी हटून बसत नाही. ही गाडी आहे की स्मारक? बाबा उतरले. स्टिअरिंग धरायला हलके माणूस हवे म्हणून मला आत बसवले. ताई, त्या जागेवर मी प्रथमच बसले. आरशात बाबा दिसत होते, घामाघूम, तोंड लाल झालेले, आणि त्यांचे सगळे लक्ष माझ्याकडे. डावीकडे घे, अजून थोडी, शाबास, आता सोड. हा आवाज मी आजवर फक्त गॅलरीतून ऐकला होता, तुझ्यासाठी निघालेला. गाडी खांबाजवळ अलगद थांबली. खिडकीशी येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, अगदी ताईसारखी वळवलीस.

मी दार उघडून सरळ वर आले आणि जेवले नाही. आईला वाटले, ऊन लागले.

आता निरीक्षकानेही हात टेकले आहेत. असली गाडी बघायला खडू कशाला हवा, म्हणतो. मालकिणीला नको असेल तर ट्रक पाठवतो, हवी असेल तर महिन्याभरात रस्त्यावर चालती करून दाखवा. मालकीण तू. म्हणून आईने मला समोर बसवून सांगितले, तुझी भाषा चांगली आहे, ताईला गोड शब्दांत लिही, गाडी भंगारात द्यायला तिचा होकार मिळव, म्हणजे ह्यांचा जीव एकदाचा सुटेल. मी मान डोलावली. पण मला तो होकार नको आहे. तू बाबांना फोन कर आणि एवढेच सांग, की ती गाडी आता तुझी नाही, तुला ती कधीही लागणार नाही. धाकटीला द्या, असे मात्र चुकूनही म्हणू नकोस. तुझ्या शब्दावर मिळालेले मला घ्यायचे नाही. तू फक्त ती सोड. पुढचे मी स्वतः बाबांकडे मागेन, आणि या वेळी त्यांनी कितीही लाडाने नाही म्हटले तरी गप्प बसणार नाही.

तुझीच, आणि तरीही तुझ्यावर जळणारी,
धाकटी