बाबांचा पत्ता

सेक्टर सात, भिलाई
२७ जानेवारी २०२५

चि. परागला अ. उ. आ. वि. वि.

इकडे सारं ठीक आहे, तिकडचं तू कळवत नाहीस. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याले भांडणावर येते, म्हणून पोस्टात टाकून राहिलो. कागदावर मले ओरडता येत नाही.

स्टील प्लांटातून रिटायर झालो तर क्वार्टर सोडावंच लागते. बोरसीचं घर झालं. वास्तू तेवीस फेब्रुवारीले आहे. वरची खोली तुझी. कॉम्प्युटरसाठी प्लग जरा जास्तच लावून घेतले. वायरिंगवाला हेमराज हसला, म्हणे काका, पोरगा पुण्याले, हे प्लग कोणासाठी? म्या म्हटलं, तू तार ओढ.

आता खरी गोष्ट. नूतननं तुझा गेम माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिला. लाईट गेली की तुझ्या आईसोबत आपण चिंचोके लावून एकवीस खेळत होतो, तोच खेळ की रे! पत्ते काढत जायचे, भट्टीची आच एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की भट्टी फुटली. पत्त्यांवर भोंगा आहे, क्रेन आहे, चहावाला आहे. अन् काय सांगू बापा, मी पण आहे! जाड मिशी, डोक्यावर हेल्मेट, खाली लिहिलं आहे 'बाबा'. मोहन नगरच्या आमच्या साऱ्या रिटायर मंडळीले दाखवून आलो. पोरानं बापाले गेममध्ये बसवलं म्हटलं. बाबुलाल जळला.

पण जिंकणं काही होत नाही. तिसऱ्या शिफ्टले भट्टी फुटतेच. मधातल्या दुकानात नवे पत्ते घेता येते, नको ते काढता येते, एवढं समजलं. फालतू सारे काढले, क्रेनसुद्धा काढली. तरी ऐन वक्ताले बाबा येते अन् आकडा वर जाते. नशीबच खराब, दुसरं काय. यात काही डोकं लावायचं असन तर कळव. अन् वास्तूले ये. तू बाजूले उभा पाहिजे.

लोभ आहेच, तो कागदावर मावत नाही.

तुझा बाबा,
शालिकराम

---

पुणे
५ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. प्लग लावायला नको होते. तेवीसला ऑफिसात काम आहे, सुटी मिळणार नाही.

गेमचं विचारलं म्हणून सांगतो. यात नशिबाचा काही दोष नाही. पुढचा पत्ता कोणता येईल एवढंच नशीब ठरवतं. गठ्ठ्यात कोणाला ठेवायचं ते आपण ठरवतो, बस. एक्का बघा. गरज पडली की तो अकरा होतो, आच वाढली की गुपचूप एक होतो. म्हणून एक्का कोणी टाकत नाही. बाबा हा पत्ता एक्क्यासारखाच आहे, फक्त तो कायम अकरा. भट्टी पाचवर असो की वीसवर, तो आला की अकरा. त्याला लहान होता येत नाही.

चुकून नाही झालं. मी तसाच बनवला, सोच समझकर. सगळे खेळणारे सगळ्यात आधी त्याचाच पत्ता कट करतात. पहिल्याच दुकानात. तुम्हीही करा, जिंकाल.

तब्येत सांभाळा. बाकी लिहिण्यासारखं नाही.

पराग

---

नेहरू नगर, भिलाई
६ फेब्रुवारी

चि. परागला ताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून मी पण बाबांसारखं पाकीट आणलं. त्यांनी तुला पत्र टाकलं ते मला कालच समजलं. गेमचं विचारलं म्हणाले.

त्या पत्त्यातली मेख मला पहिल्याच दिवशी समजली. त्यांना समजली नाही रे. मी म्हटलं, बाबा, हा एक काढून टाका, जिंकाल. तर म्हणाले, "लेकानं बसवलेल्या माणसाले मी कावून काढू?" मग हरतात, चष्मा पुसतात, परत खेळायला बसतात. तुझी भाची भूमिका आजोबांना हसते, मला हसू येत नाही.

आईच्या तेरवीला त्यांनी भर पंगतीत म्हटलं, माझा पोरगा पत्ते पिसून पोट भरते. तू भरल्या ताटावरून उठलास. ते वाईटच होतं, मी कधी चांगलं म्हटलं नाही. पण ते पंगतीपुरतं होतं. तू तर सगळ्या जगात बापाला हाकलायची सोय करून ठेवलीस. लाज वाटते मला तुझी, अन् तरी तू यावास असंच वाटते.

आता एवढं कर. त्यांना खोटं सांग. नशीब खराब म्हण, गेममध्ये बिघाड आहे म्हण, काहीही म्हण. खरं सांगू नको. तुझी एवढी एकच आठवण ते खिशात घेऊन फिरतात.

माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी ताई,
नूतन

---

सेक्टर सात, भिलाई
१५ फेब्रुवारी

चि. परागला आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू लिहिलं तसं केलं. पहिल्याच दुकानात बाबाचा पत्ता कट केला. मोबाइलनं एकदा विचारलं, नक्की काढायचा का? म्या 'हो' दाबलं.

जिंकलो. साऱ्या शिफ्ट गेल्या, भट्टी एकदाही फुटली नाही. गेम तू चांगला बनवला. डोकं आहे तुझ्यात, हे मी आधीच म्हणायले पाहिजे होतं.

नूतन तोंड फुगवून बसली आहे. तिच्यावर चिडू नको, तिचं यात काही नाही. मोहन नगरची मंडळी नवा पत्ता कोणता आला विचारते. मी तिकडे जाणं बंद केलं.

तेवीस तारखेचं ऑफिसचं काम काय आहे ते मले समजलं. म्हणून असं ठरवलं आहे. त्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं आमगावले रुक्माआत्याकडे जातो. पूजेले नूतन अन् जावई बसतील. मंडळीले सांगतील, बाबाची तब्येत बरी नाही. वरच्या खोलीची किल्ली हेमराजजवळ आहे, प्लग सारे चालू करून पाहिले. आता तुले यायले अडचण नाही. मन मानेल तेवढे दिवस राहा. तू गेला की नूतन मले कळवन, मग मी येतो.

आमगावचा पत्ता लिहीत नाही. तुले लागणार नाही.

शालिकराम