हात सोडायचे नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार
पनवेलला राहायला येऊन दोन महिने झाले, पण आज प्रथमच इथली झाल्यासारखं वाटलं. एकसष्टाव्या वर्षी मला काम मिळालं, जखमी होण्याचं! हॉस्पिटलच्या प्रशिक्षणवर्गात अॅम्ब्युलन्सवाल्यांना सरावासाठी जिवंत माणूस हवं होतं. मी चटईवर पडून कार्डावर लिहिलंय तसं कण्हायचं. डॉ. इंद्रजीत शिकवतात. जखमीला आधी नाव विचारा. त्याने नीट सांगितलं तर श्वासाची वाट मोकळी आहे आणि शुद्धही आहे. मग श्वास, मग रक्तस्राव, बाकीचं नंतर. बाळू ड्रायव्हर म्हणाला की स्वतःचा डबा घेऊन येणारा पेशंट त्याने जन्मात पाहिला नव्हता.

मला सर्वांत आवडलं ते डोकं धरणं. मानेला इजा असू शकते, म्हणून एकजण उशाशी गुडघे टेकून दोन्ही तळव्यांत जखमीचं डोकं धरून ठेवतो. दुसऱ्याने येऊन 'मी धरलं, तू सोड' म्हटल्याशिवाय हात सोडायचे नाहीत, काहीही झालं तरी. बोर्डिंगमध्ये मला गोवर आला होता, तेव्हा सिस्टर फिलोमिना अशीच माझं डोकं धरून तासन्‌तास बसायची. माझा नवरा अविनाश गेल्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मला असा कुणाचा हात लागला नव्हता.

५ नोव्हेंबर, बुधवार
आजचे हात वेगळे होते. खरखरीत, गार आणि अगदी स्थिर. डाव्या करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. मानेला कॉलर असली की मागे वळून पाहता येत नाही. कॉलर निघाली तोवर तो गृहस्थ निघून गेला होता. आभार मानायचे राहिले. उद्या लाडू करीन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लाडू नेले. नर्स मुबीनाला विचारलं, माझ्या उशाशी कोण असतं? ती म्हणाली, बुधवारी माणसं कमी होती, म्हणून तिने स्वतः माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या होत्या. उशाशी कुणीच नव्हतं. बाळू ओरडला, मॅडमना खरंच मार लागलाय, चला आयसीयूत! सगळे हसले. मीही हसले.
मोजून आणलेल्या लाडवांतला एक उरला.

१० नोव्हेंबर, सोमवार
आजही तेच हात. मी मुबीनाला करंगळीचं सांगितलं. हातातला कप खाली ठेवून ती सांगू लागली.

चिरनेरचा काशिराम, पंधरा वर्षं अॅम्ब्युलन्सवर. करंगळी गाडीच्या दारात सापडलेली. गेल्या वर्षी पळस्प्याजवळ रस्त्यात एका बाईचं डोकं धरून बसला होता. मागून ट्रक आला. लोक ओरडले, पण त्याने हात सोडले नाहीत. दोघंही गेली. त्याचे हात सोडवायला दोन माणसं लागली, म्हणाली. अल्लाचं नाव घेऊन तिने मला विनवलं, मॅडम, उद्यापासून येऊ नका.

त्याला 'सोड' म्हणायला कुणी आलंच नाही.

मी घाबरले होते. तरी इंद्रजीतना सांगून आले, परवा येते म्हणून. घरी कोण आहे माझी वाट पाहायला?

१२ नोव्हेंबर, बुधवार
गेले नाही. धीर झाला नाही. दुपारी पलंगावर पडले आणि हात आले. इथे, माझ्या घरात.
वरून हलकेच आवाज आला. "बाय, हलू नको. मी हाय."
किती दिवसांनी कुणी असं म्हटलं! रडले. मग गाढ झोपले.

१४ नोव्हेंबर
मान वळत नाही. चहा करतानाही हात तिथेच—उभ्या माणसाच्या उशाशी कसे—
तो सारखं नाव विचारतो. सकाळी पटकन सांगितलं. आता आठवावं लागलं. व—वसुंधरा.
या वहीच्या पहिल्या पानावर आहे. बघून सांगितलं.

१५
टेबलावर फोन वाजत होता. तिथवर जाता आलं नाही. हलू देत नाही तो.
प्रार्थना आठवत नाही. शाळेतली, रोजची.

१६, रविवार
रविवार म्हणजे अनुयाचा फोन. लेकीचा. तो घ्यायचाच. त्याआधी सुटायला हवं.
त्याचे हात थरथरताहेत. दमलाय बिचारा. एक वर्ष—
काय म्हणायचं ते मला माहीत आहे.

म्हटलं. 'मी धरलं, काशिराम. तू सोड.'

मागे लांब सुस्कारा. मान मोकळी झाली. देवा, वळते आहे!

फोन वाजतोय. अनुया—

उठता येत नाही. मांडीवर जड काहीतरी. ओले केस. त्याने कुणाला धरलं होतं, हे माझ्या लक्षातच—
डाव्या हाताने धरलंय, उजव्याने लिहितेय. ती बाई हलतेय. मान हलू द्यायची नाही. एका हाताने नाही जमत. अनुया, बाळ, फोन ठेवू नकोस, कुणालातरी पाठव, येऊन म्हणायला— दोन्ही हात